मॉरिशसची वीज : बॉयलर तोच, मालकही तोच!

दिनांक २७ सप्टेंबर १९४३. मॉरिशस बेटाच्या उत्तरेकडील बेल व्ह्यू हारेल या उसाच्या मळ्यावर मजूर संपावर होते. मागणी साधी होती, मजुरी वाढवा. मळा गोऱ्या मालकाचा, पोलीस ब्रिटिशांचे. गोळीबार झाला आणि चौघांचे बळी गेले. त्यात अंजलाय कूपेन नावाची गरोदर मजूर स्त्री होती, एक कोवळा मुलगाही होता. आज बेल व्ह्यूला अंजलायच्या नावाचे क्रीडांगण आहे. आणि त्याच बेल व्ह्यूच्या साखर कारखान्याला लागून २००० साली सुरू झालेले एक वीज केंद्र आहे. उसाच्या हंगामात तेथे चिपाड जाळायचे, हंगाम सरला की कोळसा, अशी त्याची मूळ रचना.

वाचक म्हणतील, मॉरिशसच्या विजेशी आपला काय संबंध? पहिला संबंध रक्ताचा आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरले. बहुसंख्य बिहार आणि मद्रासकडचे. पण मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः कोकणातले मराठी लोकही त्यात होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, ते या गिरमिटियांनी पुरवले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. घाटाचा वारसा झाला, मळ्यांची मालकी मात्र बव्हंशी होती तेथेच राहिली.

दुसरा संबंध उसाचा. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या साखरसम्राटांना सहवीजनिर्मितीचे वेध लागले, तेव्हा मॉरिशसचे उदाहरण हमखास दिले जाई. चिपाडापासून, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅसपासून वीज करणारा आदर्श देश! हा आदर्श खोटा नव्हता. पण अर्धाच सांगितला गेला. राहिलेला अर्धा आम्ही येथे मांडणार आहोत, कारण ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द आता प्रत्येक सरकारच्या तोंडी आहे आणि त्या शब्दाआड काय काय जळते, हे मॉरिशसइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

देश केवढा? सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. स्वतःचा कोळसा नाही, तेल नाही, वायू नाही. डोंगरातल्या पाण्यावर होणारी वीज थोडी, आणि ती वाढवायला वाव जवळजवळ संपलेला. जगाच्या एकूण उत्सर्जनात या देशाचा वाटा ०.०१ टक्क्याच्या घरातला. म्हणजे मॉरिशसने उद्या सगळे धुराडे विझवले तरी हिंद महासागराची पातळी एका बोटानेही उतरणार नाही. मात्र फटका पहिला त्यांनाच. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुराने ११ जण दगावले. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाने त्याच राजधानीचे रस्ते नदीसारखे वाहिले. प्रवाळ मरतात, किनारे खचतात. पाप दुसऱ्याचे आणि प्रायश्चित्त यांचे, हा न्याय आपल्याला नवा नाही.

तरीही या छोट्या देशाला आपले उत्सर्जन घटवावेच लागेल, आणि त्याचे कारण निव्वळ जागतिक परिषदांमधली शोभा नव्हे. इंधन जाळून होणाऱ्या कार्बन वायूपैकी निम्म्याहून अधिक वीजनिर्मितीतून येतो. ते इंधन परकीय चलन मोजून आणावे लागते. कोळसा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतो, जड तेल समुद्रमार्गेच. जगात युद्ध कुठेही होवो, बिल रोझ हिलच्या भाड्याच्या खोलीत येते.

आता चिपाडाचे गणित पाहू, कारण सगळी मेख तेथेच आहे. एक टन ऊस गाळला की साधारण पाव ते तीन दशांश टन चिपाड उरते. ओले असते, निम्मे पाणीच. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळले तर कारखाना चालतो आणि वर थोडीशी वीज उरते. बॉयलरचा दाब वाढवला की त्याच चिपाडातून कितीतरी पट अधिक वीज निघते. बेल व्ह्यूच्या केंद्रात ८२ बार दाबाचे बॉयलर बसवले गेले, तेव्हा टनभर उसामागे शंभराहून अधिक युनिट वीज बाहेर देता येऊ लागली. मॉरिशसमधील कारखाने १९५७ पासूनच थोडी वीज सार्वजनिक जाळ्यात देत होते. १९९१ मध्ये सरकारने चिपाड-ऊर्जेचा खास कार्यक्रम आखला, जागतिक बँकेने पैसा पुरवला. येथवर सर्व ठीक.

पण ऊस बारा महिने गाळला जात नाही. तेथील हंगाम जून ते डिसेंबर. आणि उकाड्याचे दिवस, जेव्हा पंखे आणि वातानुकूलन यंत्रे दिवसरात्र चालतात, ते जानेवारी ते मार्च. म्हणजे ज्या महिन्यांत विजेची मागणी शिगेला पोचते त्याच महिन्यांत चिपाड संपलेले असते! एवढा महागडा बॉयलर सहा महिने रिकामा ठेवायचा का? मालक म्हणाले, नाही. मग त्याच बॉयलरमध्ये कोळसा टाकण्याची सोय झाली. बारमाही विजेची हमी, त्यासाठी सरकारी वीज मंडळाशी दीर्घ मुदतीचा करार. चिपाडाच्या दाराने कोळसा घरात शिरला तो असा. परदेशी पाहुण्यांना दाखवायला चिपाडाचे ढीग होते, पण वर्षाचा हिशेब केला तर अशा केंद्रांतून कोळशाची वीज चिपाडाच्या विजेच्या कितीतरी पुढे निघून गेली.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. युरोपला साखर ठरावीक चढ्या भावाने विकण्याची सवलत या देशाला होती. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी कापला, २००९ मध्ये मूळ साखर-करारही संपला. कारखाने एकामागून एक बंद झाले. आज तीनच उरले आहेत. मजुरांना स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी पाठवण्यात आले. त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हाती काही रक्कम आणि जमिनीचा लहानसा तुकडा. लहान ऊसउत्पादकांची संख्या निम्म्याहून खाली आली. नव्वदीच्या दशकात जेथे सहा लाख टनांच्या आसपास साखर होई, तेथे २०२३ मध्ये ती अडीच लाख टनांच्याही आत होती. ऊस घटला की चिपाड घटते. आणि उसाखालची जमीन? २००२ ची परदेशी धनिकांसाठीची निवासयोजना आणि २०१५ ची ‘स्मार्ट सिटी’ योजना यांच्या आधाराने मळ्यांच्या जमिनीवर बंगले, गोल्फची मैदाने, बाजारसंकुले उभी राहिली. एकाच घराण्यांनी ऊस विकला, वीज विकली, आता जमीनही विकली. स्वच्छ इंधनाचे शेत बंगल्यांखाली गेले आणि बॉयलरची भूक कोळशाने भागवली. याला धोरण म्हणावे की धंदा, हे वाचकांनीच ठरवावे.

२०२१ साली मॉरिशसने जगापुढे शब्द दिला. २०३० पर्यंत विजेत ६० टक्के वाटा हरित स्रोतांचा, कोळसा पूर्ण बंद, आणि एकूण उत्सर्जनात, काहीच न करता जेवढे झाले असते त्याच्या तुलनेत, ४० टक्के घट. त्याआधी २०२० मध्ये हवामान बदलाचा कायदा झाला, परिषद नेमली गेली, नकाशे काढले गेले. २०२० मध्ये नवीकरणीय विजेचा वाटा २४ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो १८ टक्क्यांच्या आसपास आला. वाढला नाही, घसरला! शब्द दिल्यानंतर घसरला. आम्ही वकील लोक असल्याने प्रतिज्ञापत्र आणि पुरावा यांतील फरक आमच्या चटकन लक्षात येतो.

सारा दोष उसाच्या माथी मारता येणार नाही. सूर्य आहे, वारा आहे. बांबूस गावी २०१४ पासून १५ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालू आहे, प्लेन दे रोशला २०१६ पासून पवनचक्क्या फिरत आहेत. अडचण बेटाची आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात वीज कमी पडली तर छत्तीसगड किंवा गुजरातकडून घेता येते. बेटाला शेजारी नाही. एक मोठा ढग आला की सौर वीज क्षणात पडते आणि सगळे जाळे डळमळते. त्यासाठी साठवणुकीच्या बॅटऱ्या लागतात, तत्काळ चालू होणारी यंत्रे लागतात. वीज मंडळाने बॅटऱ्या बसवायला सुरुवात केली आहे, पण वेग मुंगीचा. या तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत हे आम्ही मान्य करतो. मात्र तांत्रिक अडचणीच्या पदराआड कराराची अडचण लपवली जाते, तिला आमचा आक्षेप आहे.

करार म्हणजे काय? वीज मंडळ सरकारी. स्थापना १९५२. केंद्राचा मालक खासगी. दोघांत पंधरा-वीस वर्षांचा लेखी करार. वीज घेण्याची हमी मंडळाची. या करारांत दर कसा ठरला, कोणता धोका कुणाच्या माथी, हे जनतेला वर्षानुवर्षे कळू दिले गेले नाही. ‘व्यापारी गोपनीयता’ हे उत्तर. बिल भरणारा तिसरा पक्ष, आणि त्याला कराराची प्रत नाही. २०१३ च्या जानेवारीत, आणखी एक १०० मेगावॅटच्या घरातले कोळसा केंद्र पोइंत ओ काव्ह येथे येऊ घातले असता, जेफ लिंगाया या तरुण कार्यकर्त्याने राजधानीत उपोषण केले. त्या आंदोलनाच्या रेट्याने सरकारला राष्ट्रीय ऊर्जा आयोग नेमावा लागला. ते केंद्र आजतागायत उभे राहिलेले नाही. कंपनी आणि सरकार यांचा झगडा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. होय, १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक बनलेल्या या देशाचे अखेरचे अपील अद्याप लंडनलाच जाते.

२०२४ च्या निवडणुकीपर्यंत तरी मॉरिशसमध्ये माहिती अधिकाराचा स्वतंत्र कायदा झालेला नव्हता. आपल्याकडे तो २००५ पासून आहे, म्हणून आपण फार शहाणे आहोत असे कुणी समजू नये. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ऊसतोड मजुराच्या भरपाईचा दावा चालवला. हात गमावलेला माणूस. कारखान्याचे म्हणणे, हा आमचा कामगारच नाही, मुकादमाचा आहे. त्या प्रकरणात आम्ही कारखान्याचा ताळेबंद वाचला. त्यात चिपाडाच्या विजेचे उत्पन्न ठळक होते. ऊस तोडणाऱ्याला त्यातला काय वाटा, असे आम्ही साक्षीदाराला विचारले. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने हरकत घेतली, प्रश्न असंबद्ध आहे. हरकत मंजूर झाली. असो.

हाच असंबद्ध प्रश्न मॉरिशसच्या लहान शेतकऱ्यांनी मात्र सोडला नाही. त्यांचे म्हणणे असे, की ऊस आमचा, मग चिपाडही आमचेच. साखरेचा भाव मिळतो, पण चिपाडाची वीज होऊन जे पैसे येतात त्यांतून आमच्या हाती नाममात्र पडते. अनेक वर्षे झगडल्यावर २०२१ च्या अर्थसंकल्पात, चिपाडापासून झालेल्या विजेसाठी युनिटमागे साडेतीन मॉरिशियन रुपयांचा हिशेब धरून ऊसउत्पादकाला मोबदला देण्याचे जाहीर झाले. आमच्या दृष्टीने सर्व घोषणांत ही घोषणा मोलाची. कारण हरित विजेचा मोबदला शेतापर्यंत पोचला तरच ऊस टिकेल, ऊस टिकला तरच चिपाड मिळेल. उत्सर्जन घटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग त्या अल्पभूधारकाच्या बांधावरून जातो. फक्त एक उणीव दिसते. मोबदला जमीनधारकाला आहे. ज्या मजूर बाईने मळ्यात वीस-तीस वर्षे ऊस तोडला आणि जिला निवृत्ती देऊन घरी बसवले, तिचे नाव या हिशेबात कोठेही नाही.

तिच्यासाठी दुसरी एक योजना आहे आणि तिचाही उल्लेख प्रामाणिकपणे केला पाहिजे. अल्प उत्पन्नाच्या दहा हजार कुटुंबांच्या छतावर प्रत्येकी एक किलोवॅटची सौर पाटी मोफत बसवायची आणि त्या घराला महिन्याला पहिली ५० युनिटे वीस वर्षे फुकट, अशी ती योजना. पन्नास युनिट म्हणजे दिवे, पंखा, लहान फ्रीज. धोरणकर्त्यांना ही धर्मादाय बाब वाटत असेल, आम्हास नाही वाटत. कारण छत गरिबाचे असले तरी त्यावर पडणारे ऊन मळेवाल्याच्या उन्हापेक्षा कमी नसते. पण येथेही पाटी मंडळाच्या कंपनीची. जास्तीची वीज मंडळाची, घरमालकिणीला ५० युनिटांची सूट. मालकीचा प्रश्न पुन्हा तेथेच येऊन थांबतो.

येथे आम्हाला १९४३ सालाकडे परत जावे लागते. बेल व्ह्यूच्या गोळीबाराला महिना होत नाही तोच, २५ ऑक्टोबर १९४३ रोजी, नवी दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीपुढे बोलत होते. त्यांनी समितीपुढे ठेवलेला पहिलाच मुद्दा मालकीचा होता. वीज सरकारची असावी की खासगी कंपन्यांची, आणि खासगी असेल तर जनतेचे हित जपण्यासाठी कोणत्या अटी हव्यात? वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, आणि ती कशासाठी हवी, तर उद्योग वाढून दारिद्र्यातून माणूस सुटावा म्हणून. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी घटनेतच लिहिण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांना त्या दिवशी बेल व्ह्यू ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वीज ही यंत्राआधी सत्तेची बाब आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

म्हणून सगळे सरकारजमा करा, प्रश्न सुटेल, असे सोपे उत्तर आम्ही देत नाही. जड तेल जाळणारी पोर्ट लुईजवळची मोठी केंद्रे सरकारी मंडळाचीच आहेत. त्यातील सेंट लुई केंद्राच्या नूतनीकरणाच्या कंत्राटावरून, आफ्रिकन विकास बँकेच्या चौकशीनंतर, जून २०२० मध्ये थेट उपपंतप्रधानांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांनी आरोप नाकारले, पण कंत्राटाच्या टेबलाखाली काय चालते याची चर्चा देशभर झाली. सरकारी धूरही काळाच असतो. शिवाय मॉरिशसच्या घटनेच्या आठव्या कलमाने मालमत्तेला भक्कम संरक्षण दिले आहे. खासगी केंद्र घ्यायचे तर पुरेशी भरपाई द्यावी लागेल, आणि ती कोण देणार? पुन्हा बिल भरणारा. तेव्हा आमच्या मते प्रत्यक्षात हाती असलेली वेळ एकच. जुन्या करारांची मुदत संपते आणि नूतनीकरणाचा कागद टेबलावर येतो, ती वेळ. त्या कागदावर कोळसा अमुक तारखेला बंद ही अट, दराचे सूत्र जाहीर करण्याची अट आणि चिपाडाच्या मोबदल्यात मजुरांच्या वाट्याची अट लिहिता येते. ती वेळ गेली की पुढची पंधरा-वीस वर्षे भाषणे करीत बसावे लागते.

कोळशाच्या जागी काय, हेही विचारायला हवे. कारखानदारांनी लाकडाचे तुकडे जाळण्याच्या योजना मांडल्या आहेत. शेजारच्या रेयुनियन या फ्रेंच बेटावर बोआ-रूजचे केंद्र २०२३ मध्ये कोळशावरून लाकडी गोळ्यांवर गेले. कोळसा संपला, पण गोळ्या समुद्रापलीकडून जहाजाने येतात. मॉरिशसनेही तेच केले तर धुराचे नाव बदलेल, आयातीचे बिल बदलणार नाही. त्याऐवजी शेतात पडून राहणारे पाचट, पडीक मळ्यांवर पुन्हा ऊस, छतांवरचे ऊन आणि बॅटऱ्या, यांतून बरेच काही उभे राहू शकते. त्यासाठी बंगल्यांच्या परवान्यांना मात्र कोठेतरी आवर घालावा लागेल. मळ्याची जमीन ही वीज धोरणाचाही भाग आहे, असे ज्या दिवशी तेथील मंत्रिमंडळ लेखी म्हणेल त्या दिवशी आम्ही त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू.

आणि लोकांवर विश्वास ठेवायला २०२० चा एक प्रसंग पुरेसा आहे. २५ जुलै रोजी वाकाशिओ नावाचे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या खडकावर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून तेल गळू लागले, जवळजवळ एक हजार टन. सरकार सांगत होते, धोका नाही, जवळ येऊ नका. लोकांनी ऐकले नाही. गावोगावच्या बायाबापड्यांनी, मच्छीमारांनी, शाळेच्या पोरांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचे पाचट भरले आणि तेल अडवायला त्या पिशव्यांचे तरंगते बांध समुद्रात सोडले. २९ ऑगस्टला पोर्ट लुईच्या रस्त्यावर अभूतपूर्व मोर्चा निघाला. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांना बोटीत भरून आणले होते, त्याच उसाच्या पाचटाने नातवंडांनी परक्या जहाजाचे तेल अडवले. कुणी करार केला नव्हता, कुणी दर ठरवला नव्हता.

त्यातल्या कित्येक घरांत दिवा कोळशावरच जळतो. जूनमध्ये तेथील हंगाम पुन्हा सुरू होतो, बॉयलर चिपाडावर पेटतात. डिसेंबरनंतर त्यात काय टाकायचे, ते आजवर त्या घरांना कुणी विचारलेले नाही.